मीरपूरचं धरण, कंपालाची दुकानं

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले आणि आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक जुनी तुलना नव्याने फिरायला लागली. भारतीय आणि पाकिस्तानी एकाच उपखंडातून, साधारण एकाच काळात, सारख्याच सावळ्या रंगाने ब्रिटनला गेले. पन्नास-साठ वर्षांनी एक समाज दहा डाउनिंग स्ट्रीटला पोचला, दुसरा ब्रॅडफर्डला टॅक्सी चालवतोय. पुढचं वाक्य पाठवणाऱ्याच्या स्वभावानुसार बदलायचं, पण रोख तोच असायचा: हा संस्कारांचा फरक आहे. आणि संस्कार म्हणजे काय, तर धर्म.

सुनक यांना अर्थमंत्रिपद मिळालं ते फेब्रुवारी २०२०मध्ये. त्यांच्या आधी त्या खुर्चीत साजिद जाविद होते आणि सुनक त्यांच्या हाताखाली काम करत होते. जाविद यांचे वडील पाकिस्तानातून येऊन कापडगिरणीत राबले, मग बस चालवू लागले. सुनक यांचे वडील डॉक्टर, आई फार्मसिस्ट, शाळा विंचेस्टरची महागडी खासगी. पिढीगणिक कोण किती चढलं हे मोजायचं असेल, तर बसड्रायव्हरच्या मुलाची चढण जास्त उभी आहे. पण एकेका मंत्र्यावरून समाज मोजणं मला मुळातच पटत नाही, तेव्हा हा मुद्दा इथेच सोडतो.

कारण सरासरीतला फरक खरा आहे. २०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये भारतीय वंशाचे सुमारे १८.६ लाख आणि पाकिस्तानी वंशाचे सुमारे १५.९ लाख लोक राहतात. २०१८च्या सरकारी आकडेवारीत भारतीय वंशाच्या नोकरदाराचं मध्यम वेतन ताशी १३.४७ पौंड होतं, गोऱ्या ब्रिटिशाचं १२.०३ आणि पाकिस्तानी वंशाच्या माणसाचं दहाच्या आसपास. त्याच सुमारास भारतीय वंशाच्या ७४ टक्के कुटुंबांचं घर स्वतःच्या मालकीचं होतं. गोऱ्या ब्रिटिशांत हे प्रमाण ६८ टक्के होतं आणि पाकिस्तानी कुटुंबांत साठाच्याही खाली. भारतीय वंशाच्या दर दहापैकी जवळपास सात बायका नोकरी-धंद्यात होत्या, तर पाकिस्तानी आणि बांगलादेशी मिळून चारच्या आसपास. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत भारतीय मुलं राष्ट्रीय सरासरीच्या बरीच पुढे असतात, पाकिस्तानी मुलं त्या सरासरीच्या जवळ घुटमळतात. हे आकडे अडचणीचे वाटतात म्हणून नजरेआड करण्यात अर्थ नाही. ‘सगळा वर्णद्वेषाचा खेळ’ हे उत्तरही पुरत नाही. गोऱ्या मालकाला पटेल आणि खान यांच्या रंगात फरक दिसत नव्हता, मग निकालात तो कुठून आला?

माझं म्हणणं असं, की आपण धर्मांची तुलना करतोय असं समजून प्रत्यक्षात एका धरणग्रस्त कोरडवाहू तालुक्याची तुलना युगांडाच्या राजधानीच्या, कंपालाच्या बाजारपेठेशी करत असतो.

मीरपूर हा पाकव्याप्त काश्मीरचा दक्षिणेकडचा, झेलमकाठचा जिल्हा. ब्रिटनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या निम्म्याहून अधिक लोकांची मुळं याच टापूत आहेत. ‘ब्रिटिश पाकिस्तानी’ म्हणताना आपण बहुतेक वेळा लाहोर-कराचीच्या शिकलेल्या शहरी माणसाबद्दल बोलतच नसतो. मीरपूरची जमीन चढउताराची, शेताचे तुकडे लहान, पाऊस बेभरवशाचा. झेलमवर मालाच्या होड्या चालवणारे लोक होते. रेल्वे आली आणि त्यांचा धंदा बसला. मग ही माणसं मुंबईला आली. मुंबईच्या गोदीतून सुटणाऱ्या इंग्रजी आगबोटींच्या पोटात, बॉयलरच्या धगीत कोळसा टाकायचं काम दुसरं कोणी सुखाने करत नव्हतं. ते मीरपुरी खलाशांनी धरलं. त्यांतले काही ब्रिटनच्या बंदरात उतरले ते पुन्हा बोटीवर चढलेच नाहीत. ब्रॅडफर्डची वाट अशी मुंबईवरून गेली होती.

१९६०च्या सिंधू पाणीवाटप करारानंतर झेलमवर मंगला धरण बांधलं गेलं. १९६७मध्ये ते पुरं झालं तोवर जुनं मीरपूर शहर आणि शेकडो गावं पाण्याखाली गेली होती, लाखाहून जास्त माणसं उठली होती. ज्यांचा कोणी चुलतभाऊ आधीच इंग्लंडात होता, ते तिकडे गेले.

तिकडे काय होतं? ब्रॅडफर्ड, ओल्डम, रॉचडेल या गावांत लोकरीच्या आणि सुताच्या गिरण्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मालकांनी नवी यंत्रं आणली. ती रात्रंदिवस चालली तरच परवडणार होती, आणि रात्रपाळीला गोरा कामगार मिळत नव्हता. ही रात्रपाळी मीरपूरच्या तरुणांनी भरून काढली. कामाला इंग्रजी लागत नव्हतं, कारण शेजारच्या यंत्रावर गावचाच माणूस होता. एका खोलीत आळीपाळीने झोपायचं, पैसे घरी पाठवायचे, चार-पाच वर्षांनी परत जायचं आणि आपल्या जागी धाकट्या भावाला पाठवायचं, असा हिशोब होता. बाहेरून येणाऱ्यांवर बंधनं घालणाऱ्या १९६२च्या ब्रिटिश कायद्याने तो मोडला. कायदा येतोय म्हटल्यावर आधी झुंबड उडाली. मग दार लागलं. आता गावी गेलेल्याला परत येता येईल याची खात्री उरली नाही, म्हणून माणसं थांबली आणि पुढच्या वर्षांत बायकामुलांना बोलावू लागली. येणं कमी करण्यासाठी केलेल्या कायद्याने तात्पुरत्या मजुरांची कायमची वस्ती करून टाकली. अशी उलटी फळं देणारे कायदे ब्रिटनने पुढेही केले.

आणि मग गिरण्याच बंद पडल्या. सत्तरच्या दशकाची अखेर आणि ऐंशीचं दशक या पट्ट्याने जे पाहिलं, त्यातून तिथला गोरा कामगारही आजवर पुरता सावरलेला नाही. पन्नाशीला टेकलेला, इंग्रजी न येणारा, एकच काम येणारा मीरपुरी गिरणी कामगार टॅक्सीच्या स्टिअरिंगमागे किंवा टेकअवेच्या काउंटरमागे गेला, नाहीतर घरी बसला. त्याची मुलं देशातल्या सगळ्यांत ढासळत्या गावांच्या सगळ्यांत ढासळत्या शाळांत गेली. १९८२च्या संपानंतर आपल्याकडे गिरणगाव उद्ध्वस्त झालं, तेव्हा कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराच्या मुलांना दादरच्या वकिलाच्या मुलांशेजारी उभं करून कोणी ‘संस्कार’ मोजले नव्हते. मोजले असते तर आपण त्याला काय म्हणालो असतो?

आता दुसरं टोक. ब्रिटनच्या भारतीय यशकथेतला मोठा आणि ठळक भाग भारतातून थेट गेलेल्यांचा नाही, पूर्व आफ्रिकेतून गेलेल्यांचा आहे. केनिया, युगांडा, टांगानिका (आजच्या टांझानियाचा भाग) इथे गुजराती आणि पंजाबी कुटुंबं दोन-दोन पिढ्या राहिली होती. ती दुकानदार, कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर होती. मुलं इंग्रजी शाळांत शिकली होती. इंग्रजांच्या राज्यात गोऱ्यांखाली आणि काळ्यांवर अशी मधली जागा त्यांना मिळाली होती, आणि त्या जागेचे फायदे-तोटे त्यांना तोंडपाठ होते. (त्या जागेवर बसून आफ्रिकी माणसाशी आपण कसे वागलो, याबद्दल आपल्या यशकथा फारसं बोलत नाहीत.) केनियातून लोंढा सुरू झाला तेव्हा ब्रिटिश संसदेने १९६८मध्ये तीन दिवसांत कायदा करून स्वतःच्याच पासपोर्टधारकांना अडवलं. ऑगस्ट १९७२मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना नव्वद दिवसांत चालतं व्हायला सांगितलं. सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनला पोचली. इंग्लंडातल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की कृपा करून आमच्या गावी येऊ नका. हजारोंनी लेस्टरच गाठलं.

ही माणसं नेसत्या वस्त्रांनिशी आली, असं आपण अभिमानाने सांगतो. त्यांचं दुकान, घर, बँकेतली शिल्लक गेली हे खरंच आहे, आणि ते दुःख लहान नव्हतं. पण जमाखर्च लिहिण्याची सवय, इंग्रजी भाषा, घाऊक व्यापाऱ्याशी उधारीचं बोलणं, शिकलेली बायको, लंडनमधला एखादा व्यापारी नातलग, हे कोणत्याही अमीनला विमानतळावर काढून घेता येत नाही. शिवाय ही कुटुंबं आख्खी आली. परतीचा रस्ता नव्हताच, त्यामुळे गावी माडी बांधायला पैसे पाठवायचा प्रश्न नव्हता. जो पौंड मिळाला तो इथल्याच घरात आणि दुकानात गेला. मीरपुरी माणसाची बचत पंधरा-वीस वर्षं मीरपुरात सिमेंट होऊन उभी राहिली. आजही तिथे मोठमोठे बंगले कुलूप लावून पडलेले असतात.

सगळ्यांत मोठा फरक मला बायकांच्या कामात दिसतो. ऑगस्ट १९७६मध्ये उत्तर लंडनच्या डॉलिस हिल भागातल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यातून जयाबेन देसाई बाहेर पडल्या आणि दोन वर्षं चाललेला संप उभा राहिला. संप हरला. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची आजची वास्तू याच डॉलिस हिलमध्ये आहे; तिथे गणपतीला जाणाऱ्या कितीजणांना ही गोष्ट ठाऊक असेल, कोण जाणे. संपात उतरलेल्या बहुसंख्य स्त्रिया पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती होत्या. कालपर्यंत मालकीणबाई असलेल्या या बायका इथे यंत्रावर आणि पाकिटं भरायच्या टेबलावर उभ्या राहिल्या. घरात दोन पगार आले म्हणून घराचा हप्ता निघाला. मीरपुरी घरात पगार एकच होता, आणि गिरणी बंद पडल्यावर तोही गेला.

आता धर्माकडे येऊ, कारण ग्रुपवरच्या मंडळींचा खरा रस त्यातच असतो. युगांडातून ज्या विमानांनी पटेल आणि शाह निघाले, त्याच विमानांनी इस्माइली खोजे आणि बोहरीही निघाले. बरेच इस्माइली कॅनडाला गेले, काही ब्रिटनला. दोन्हीकडे त्यांचं उत्तम चाललं. ते मुसलमान आहेत. उलट मलेशियात रबराच्या मळ्यांवर नेलेल्या तमिळ मजुरांची नातवंडं पाहा: बहुसंख्य हिंदू, त्याच इंग्रजी साम्राज्याने नेलेली, आणि त्यांतली कित्येक कुटुंबं अजून त्या देशाच्या तळाशी आहेत. अमेरिकेत पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांचं मध्यम उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून जास्त आहे, कारण १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेने त्या देशातून डॉक्टर आणि इंजिनिअर निवडून घेतले. कुराण तेच, निकाल वेगळा. ब्रिटनने मीरपूरहून रात्रपाळी मागवली होती.

आणखी एक कसोटी बांगलादेशींची आहे. तेही मुख्यतः एकाच टापूतले, सिल्हेटचे. तेही खेड्यातले, मुसलमान, सुरुवातीला बोटींवरचे खलाशी. बायकामुलं त्यांनी पाकिस्तान्यांपेक्षाही उशिरा आणली, ऐंशीच्या दशकात. पण ती पूर्व लंडनमध्ये, टॉवर हॅम्लेट्समध्ये राहिली. १९९७मध्ये तिथल्या शाळा देशात शेवटच्या क्रमांकावर होत्या. पुढे लंडनच्या शाळांवर सरकारने पैसा, चांगले मुख्याध्यापक आणि कडक देखरेख असं सगळं एकदम लावलं. आज बांगलादेशी वंशाची मुलं जीसीएसईत गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे आहेत आणि पाकिस्तानी मुलांच्याही. बाप रेस्टॉरंटच्या मुदपाकखान्यात होता, मुलगी युनिव्हर्सिटीत आहे, आणि युनिव्हर्सिटीपर्यंत ट्यूब, म्हणजे लंडनची भुयारी रेल्वे जाते. ब्रॅडफर्डच्या मुलीला अशा शाळाही मिळाल्या नाहीत आणि अशी रेल्वेही नाही.

तरीही पगारात बांगलादेशी अजून मागेच आहेत. शाळेतले गुण आपोआप पगारात उतरत नाहीत, आणि इथे मघाशी बाजूला ठेवलेला वर्णद्वेष परत येतो. ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सारख्याच पात्रतेचे खोटे अर्ज मालकांना पाठवले होते. गोऱ्या ब्रिटिश नावांच्या अर्जांना २४ टक्के अनुकूल उत्तरं आली, अल्पसंख्याक नावांना १५ टक्के. पाकिस्तानी नावाच्या उमेदवाराला तेवढ्याच उत्तरांसाठी सत्तर टक्के जास्त अर्ज करावे लागले.

एवढं सांगून मी समाजाची स्वतःची जबाबदारी पुसून टाकतोय असं कोणाला वाटेल. तसं नाही. मीरपुरी समाजाने काही निवडी स्वतः केल्या आणि त्यांची किंमत मोजली, त्यातही जास्त करून मुलींनी. बिरादरीत, चुलत-मावस भावंडांत लग्नं लावायची रीत तिकडे टिकली, काही काळ तर ती घट्ट झाली, कारण लग्न हाच व्हिसा मिळवण्याचा उरलेला मार्ग होता. ब्रॅडफर्डमध्ये जन्मलेल्या हजारो बाळांच्या अभ्यासात, २०१३मध्ये, पाकिस्तानी वंशाच्या जोडप्यांपैकी सुमारे ३७ टक्के सख्खी चुलत-मावस-आते-मामे भावंडं निघाली, आणि त्यांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचा धोका तीन टक्क्यांवरून सहापर्यंत गेलेला दिसला. (मामेबहिणीशी लग्न आपल्याकडेही कित्येक जातींत चालतं, तेव्हा आवाज फार चढवू नये.) गावाहून आणलेला नवरा किंवा बायको म्हणजे घरात पुन्हा इंग्रजी न येणारा एक पालक. हिशोबाने तिसरी पिढी म्हणायची, पण पोराच्या अभ्यासाच्या दृष्टीने ती दरवेळी पहिलीच. आता हे बदलतंय. त्याच ब्रॅडफर्डच्या नव्या पाहणीत भावंडांतली लग्नं स्पष्टपणे कमी झाली आहेत, आणि मुलींचं शिक्षण हे त्याचं एक कारण मानलं जातं.

उत्तर इंग्लंडातल्या रॉदरहॅमबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हा लेख अप्रामाणिक ठरेल. १९९७ ते २०१३ या काळात त्या एका गावात अंदाजे १,४०० मुलांचं, त्यांत बहुतेक मुलींचं, लैंगिक शोषण झालं, असं २०१४च्या चौकशी अहवालाने सांगितलं. आरोपींपैकी बहुतेक पाकिस्तानी वंशाचे होते आणि वर्णद्वेषी ठरू या भीतीनेही अधिकारी गप्प राहिले. जून २०२५मधल्या बॅरोनेस केसी यांच्या अहवालाने देशभराच्या पातळीवर दोन तृतीयांश आरोपींचा वंश नोंदवलेलाच नाही, असं दाखवून दिलं. त्यामुळे देशाबद्दल ठाम निष्कर्ष काढता येत नाही, पण काही भागांत आशियाई पुरुषांचं प्रमाण जास्त दिसतं, आणि हे पाहायचं टाळलं गेलं, असं त्यांनी लिहिलं. त्या टोळ्यांत बरेच पुरुष रात्रीच्या टॅक्सी आणि टेकअवेच्या धंद्यातले होते. तो धंदा त्यांच्या वाट्याला का आला हे मी वर सांगितलं. तिथे बसून त्यांनी जे केलं त्याचं उत्तर मंगला धरणात नाही. ते त्यांचं त्यांनी द्यायचं आहे आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्यांनीही.

आता आपल्या बाजूचा डबा उघडून पाहू. ‘भारतीय’ या एका रकान्यात कोण कोण बसलंय? हॅरोचा डॉक्टर, सिख फाउंड्री कामगाराची वकील झालेली नात, गेल्या वीस-बावीस वर्षांत कौशल्याच्या व्हिसावर गेलेले आयटीवाले. या शेवटच्या गटात पुण्या-मुंबईची मराठी पोरं भरपूर आहेत. स्लाउ, रेडिंग, हाउन्स्लोला त्यांच्या दिवाळी पहाटही होतात. ती तिकडे जाण्याआधीच भारतात दोन-तीनदा चाळली गेलेली असतात, आधी प्रवेशपरीक्षेत, मग कॅम्पसवर, मग कंपनीत. त्यांचा पगार ब्रिटनमधल्या ‘भारतीय संस्कारांचं’ फळ म्हणून मोजणं म्हणजे शर्यत जिंकलेल्यांनाच पुन्हा शर्यतीत उभं करून निकालावर टाळ्या वाजवणं आहे. त्याच रकान्यात लेस्टरच्या शिलाई कारखान्यांत किमान वेतनाच्याही खाली राबणाऱ्या बायका आहेत. २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात त्यावर बराच गदारोळ झाला. त्यांच्यात गुजरातच्या आणि दमण-दीवच्याही आहेत.

आणि त्याच रकान्यात आपले गोंयकार आहेत. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं. त्या पासपोर्टवर युरोपीय संघाचं दार उघडत होतं, म्हणून सासष्टी-बार्देशातली हजारो माणसं थेट स्विंडनला आणि साउथॉलला गेली. स्विंडनची गोदामं, विमानतळांवरची सफाई आणि सामान, वृद्धाश्रम, हॉटेलांचे मुदपाकखाने. ब्रेक्झिटनंतर ते दार बंद झालं. या माणसांचं इंग्रजी मीरपुरी खलाशाहून बरं आहे, मुलं शाळेत नीट शिकतात, पण पाळ्या, कंत्राट, एका खोलीतली दाटी आणि गावी बांधलेलं, दहा महिने कुलूप असलेलं घर हे सगळं आपण मघाशी पाहिलेलंच आहे. स्विंडनच्या गोंयकाराची तुलना सरेतल्या पाकिस्तानी हृदयरोगतज्ज्ञाशी करून कोणी कॅथलिक आणि मुसलमान संस्कारांवर निबंध लिहिला, तर आपण हसू.

मे २०२५मध्ये ब्रिटिश सरकारने एक श्वेतपत्रिका काढली. कौशल्याच्या व्हिसावर आलेल्यांना कायम वास्तव्याचा हक्क पाचऐवजी दहा वर्षांनी द्यावा, असा तिच्यातला एक ठळक प्रस्ताव होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शबाना महमूद गृहमंत्री झाल्या आणि आता हे धोरण त्या पुढे रेटत आहेत. महमूद बर्मिंगहॅमच्या, आईवडिलांचं मूळ मीरपूरचं. स्लाउच्या भाड्याच्या घरात पाचवं वर्ष संपायची वाट पाहणाऱ्या मराठी जोडप्याचा अर्ज कोणत्या अटींवर मंजूर व्हायचा, हे आता मीरपूरच्या लेकीच्या खात्यात ठरतंय.